इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंदी रुजवताना: छोट्या दवाखान्यापासून रुग्णालयापर्यंत पायरीपायरीने करायचे काम

केसपेपर जाऊन त्याच्या जागी संगणक आला की रुग्णाची माहिती आपसूक नीट, पूर्ण आणि हाताशी राहील, अशा समजुतीने पुष्कळ संस्था इलेक्ट्रॉनिक नोंदींकडे वळतात. प्रत्यक्षात कागदावर जो गोंधळ होता तोच पडद्यावर येतो, आणि अधिक वेगाने पसरतो. कागदावर चुकलेला आकडा निदान त्या एका पानापुरता राहत असे. संगणकात चुकलेला आकडा त्याच क्षणी औषध विभाग, लॅब, वॉर्ड आणि बिलिंग अशा चारही ठिकाणी पोचलेला असतो. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरपेक्षा कामाच्या पद्धतीविषयी अधिक लिहिले आहे. कोणती नोंद कोणी, कधी आणि कोणासाठी करायची हे आधी ठरलेले असेल, तर साधारण दर्जाची प्रणालीसुद्धा चांगली चालते. ते ठरलेले नसेल, तर महागातली महाग प्रणालीही कर्मचाऱ्यांच्या कपाळी आठ्याच आणते.

याचे दोन पुरावे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. बोस्टनमधील एका रुग्णालयात डॉक्टरांनी औषधांचे आदेश संगणकावरून द्यायला सुरुवात केल्यावर गंभीर स्वरूपाच्या औषधचुका ५५ टक्क्यांनी घटल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. उलट, अमेरिकेतीलच एका बालरुग्णालयात तशीच व्यवस्था बसवल्यानंतर, बाहेरून पाठवलेल्या गंभीर मुलांमधील मृत्यूंचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. तिथे मूल प्रत्यक्ष दाखल होऊन त्याची नोंदणी झाल्याशिवाय औषधांचे आदेशच देता येत नव्हते. पूर्वी मात्र ते वाटेत असतानाच औषधांची तयारी सुरू होत असे. शिवाय सारी व्यवस्था अवघ्या सहा दिवसांत संपूर्ण रुग्णालयात सुरू केली गेली होती. म्हणजे तंत्र एकाच जातीचे, पण ते कामाच्या ओघात कुठे आणि कसे बसवले यावर परिणाम ठरला.

पहिली पायरी: सॉफ्टवेअर पाहण्याआधी कामाचा माग काढावा

एखादा रुग्ण दारातून आत येतो तिथपासून तो औषधे घेऊन बाहेर पडेपर्यंत कोण काय विचारतो, काय लिहितो आणि ते लिहिलेले पुढे कोण वाचतो, याचा माग प्रत्यक्ष शेजारी बसून काढावा. विभागप्रमुखांच्या सांगण्यावर विसंबू नये, कारण काम कसे व्हायला हवे हे ते सांगतात आणि काम कसे होते हे रिसेप्शनवरील आणि वॉर्डमधील माणसांनाच ठाऊक असते. प्रत्येक रजिस्टर आणि प्रत्येक छापील फॉर्म समोर ठेवून एकच प्रश्न विचारावा: हे शेवटचे कोणी वाचले, आणि कशासाठी? ज्याला उत्तर मिळत नाही ते रजिस्टर, कायद्याने आवश्यक नसेल तर, संगणकात आणायचेच नाही.

या टप्प्यावर अनौपचारिक कागदांकडे विशेष लक्ष द्यावे. नर्सच्या खिशातील घडी घातलेली चिठ्ठी, ड्युटी बदलताना हाती दिली जाणारी वही, वॉर्डच्या भिंतीवरचा फळा, डॉक्टरांनी केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलने केलेली खूण यांचा नियमावलीत कुठे उल्लेख नसतो, पण निम्मे काम त्यांच्यावर चाललेले असते. नव्या प्रणालीत त्यांना जागा मिळाली नाही, तर ते कागद तसेच चालू राहतात आणि खरी ताजी माहिती त्या वहीत, शिळी माहिती संगणकात, अशी विचित्र स्थिती होऊन बसते.

दुसरी पायरी: प्रणाली निवडताना आपल्या केसेस घेऊन बसावे

विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात सर्व काही सुरळीतच चालते, कारण रुग्ण त्याने निवडलेला असतो. म्हणून परीक्षेचे रुग्ण आपण न्यावेत: वजनानुसार डोस लागणारे मूल, एकाच नावाचे दोन रुग्ण, नऊ-दहा औषधे चालू असलेली वृद्ध व्यक्ती, बेशुद्धावस्थेत आणलेला अनोळखी माणूस, आणि कालची नोंद चुकली म्हणून ती दुरुस्त करायची वेळ. प्रत्येक प्रसंग रोज ते काम करणाऱ्या माणसाने स्वतः हाताळून पाहावा आणि किती क्लिक लागले, कुठे अडले, ते लिहून ठेवावे.

मानकांच्या बाबतीत तडजोड करू नये. निदानांसाठी आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण, म्हणजे आयसीडी (त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली), वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी, लॅबच्या तपासण्यांसाठी लॉइंक, एक्स-रे आणि स्कॅनच्या प्रतिमांसाठी डायकॉम आणि प्रणालींमधील देवाणघेवाणीसाठी एचएल७ संस्थेचे फायर हे मानक, एवढी नावे करारात यायलाच हवीत. ती कशासाठी, हे एका उदाहरणावरून कळेल. 'मधुमेह', 'डायबेटिस', 'शुगर' आणि 'टाइप टू' असे चार डॉक्टरांनी चार प्रकारे लिहिले, तर सर्व मधुमेही रुग्णांची यादी संगणकाला काढता येत नाही. चौघांच्याही नोंदीमागे आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीतील ई११ हा संकेतांक असेल, तर ती क्षणात निघते. डॉक्टरांनी संकेतांक पाठ करण्याची गरज नाही. त्यांनी नेहमीचा शब्द टाइप करावा आणि संकेतांक प्रणालीने मागच्या मागे जोडावा.

मुक्तस्रोत प्रणालींचाही विचार अवश्य करावा. २००४ मध्ये सुरू झालेली ओपनएमआरएस ही त्यांतली जुनी आणि अनेक देशांत वापरली जाणारी प्रणाली आहे. मात्र परवाना शुल्क नाही म्हणजे खर्च नाही असे नव्हे, कारण बसवणे, सांभाळणे आणि शिकवणे यांसाठी माणसे लागतातच.

करारावर सही करण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट तपासावी. आपली सर्व माहिती, तिच्यातील प्रतिमा आणि बदलांच्या इतिहासासह, कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल हे लेखी घ्यावे, आणि चाचणीसाठी भरलेल्या दहा-बारा रुग्णांची माहिती प्रत्यक्ष बाहेर काढून दाखवायला सांगावे. ज्या विक्रेत्याला हे आज जमत नाही, त्याला ते पाच वर्षांनी आपण सोडून जात असताना जमेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: रुग्णाची ओळख पक्की करावी

एकाच माणसाच्या दोन फाइली किंवा दोन माणसांची एकच फाइल, या दोन चुकांमधून पुढचे कितीतरी घोळ जन्माला येतात. दुसरी चूक अधिक घातक, कारण तीत एकाचा रक्तगट किंवा ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर जाते.

नोंदणीच्या टेबलावर 'आधी शोधा, मगच नवी नोंद करा' हा नियम असावा. शोधताना पूर्ण नाव टाइप न करता आडनावाची पहिली काही अक्षरे आणि जन्मतारीख वापरावी. नावांची स्पेलिंगे हजार तऱ्हांची असतात, जन्मतारखेची नसते. जन्मतारीख ठाऊक नसेल तर अंदाजे वर्ष भरून ते अंदाजे असल्याची खूण करावी. अशा वेळी सरसकट १ जानेवारी टाकण्याची सवय लागली, की काही महिन्यांत अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी येतो आणि जन्मतारखेवरून ओळख पटवण्याचा उपयोग संपतो. फोन नंबर ओळखीसाठी पूरक म्हणून ठीक आहे, मुख्य खूण म्हणून नाही, कारण एकच नंबर घरातील चौघेजण देतात. नवजात जुळ्यांसाठी आणि अनोळखी रुग्णांसाठी तात्पुरते नाव देण्याची एक ठरलेली पद्धत असावी.

दुहेरी नोंदी एकत्र करण्याचा अधिकार एक-दोन प्रशिक्षित व्यक्तींनाच द्यावा आणि एकत्र केलेले पुन्हा वेगळे करता येईल याची खात्री प्रणाली घेतानाच करून घ्यावी.

चौथी पायरी: नोंदीचा सांगाडा ठरवावा

वैद्यकीय नोंद रुग्णाच्या समस्यांभोवती रचली जावी, हा विचार अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये मांडला आणि तो आजही सर्वांत उपयोगी आहे. रुग्णाच्या चालू समस्यांची क्रमवार यादी असावी आणि प्रत्येक भेटीची नोंद चार भागांत करावी: रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळले, त्यावरून डॉक्टरांचे मत काय, आणि पुढे काय करायचे. पडद्यावर मात्र हा क्रम थोडा फिरवावा असे माझे मत आहे. मत आणि पुढील योजना सर्वांत वर दिसली, तर रात्री अडीचला फाइल उघडणाऱ्या ड्युटी डॉक्टरला हवे ते पहिल्या चार ओळींत मिळते.

समस्यांची यादी, चालू औषधे आणि ॲलर्जी या तीन गोष्टी मोकळ्या मजकुरात लिहू नयेत. त्यांसाठी ठरलेल्या चौकटी असाव्यात. 'पेनिसिलिन चालत नाही' हे वाक्य भेटीच्या नोंदीत कितीही ठळक लिहिले, तरी अमॉक्सिसिलिन लिहिताना प्रणाली इशारा देणार नाही, कारण ते वाक्य तिला वाचता येत नाही. ॲलर्जीच्या चौकटीत औषधाचे नाव, काय झाले आणि किती गंभीर, हे तिन्ही हवे. अंगावर पित्त उठून श्वास अडकणे आणि औषध घेतल्यावर मळमळणे या दोन गोष्टी एकाच तराजूत टाकल्या, तर मळमळीच्या नोंदीमुळे एखाद्याला आयुष्यभर चांगले औषध नाकारले जाते. तसेच 'ॲलर्जी नाही' आणि 'अजून विचारलेले नाही' हे दोन वेगळे पर्याय असायला हवेत. रिकामी चौकट म्हणजे ॲलर्जी नाही, असा अर्थ कोणीही काढता कामा नये.

समस्यांच्या यादीला मालक लागतो. कोणीही भर घालू शकते पण काढत कोणीच नाही, असे झाले की तीन वर्षांपूर्वीचा खोकला आणि आजचा हृदयविकार शेजारी शेजारी दिसू लागतात. नेहमीच्या डॉक्टरांनी ठरावीक काळाने यादी छाटावी. मिटलेली समस्या पुसायची नसते, ती 'पूर्वीच्या' भागात हलवायची असते.

आता टेम्प्लेटविषयी. वेळ वाचतो म्हणून ते हवेतच, पण तपासणीच्या रकान्यांत 'सर्व सामान्य' असे आधीच भरलेले टेम्प्लेट वापरू नयेत. डावा पाय गुडघ्याखाली कापलेल्या रुग्णाच्या नोंदीत 'दोन्ही पावलांतील नाडी व्यवस्थित' असे वाक्य अशाच टेम्प्लेटमधून येते, आणि ते एकदा वाचल्यावर त्या फाइलमधील इतर कोणत्याही वाक्यावर विश्वास बसत नाही. जे तपासले तेवढेच भरावे. कालची नोंद उचलून आज चिकटवण्याचेही तसेच आहे. चिकटवलेला मजकूर वेगळ्या रंगात दिसावा किंवा त्याखाली मूळ तारीख यावी, अशी सोय असेल तर ती चालू करावी. बोलणे ऐकून नोंद लिहून देणारी नवी साधने वापरत असाल, तर त्यांचा मजकूर डॉक्टरांनी वाचून सही करेपर्यंत कच्चा मसुदाच समजावा.

पाचवी पायरी: औषधांचे आदेश आणि एककांची शिस्त

सगळ्या प्रणालीत सर्वाधिक वेळ इथे द्यावा. २०१३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णालयात घडलेली घटना बारकाईने पाहिली, म्हणजे का ते लक्षात येईल. १६ वर्षांच्या एका मुलाला नेहमीच्या प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती. गोळीत मुख्य घटक १६० मिलिग्रॅम. मुलाचे वजन ३८.६ किलो. रुग्णालयाच्या नियमानुसार ४० किलोपेक्षा कमी वजनाच्या रुग्णाचा डोस वजनावरून ठरवायचा होता, म्हणून डोसच्या चौकटीपुढचे एकक 'मिलिग्रॅम प्रति किलो' असे होते. औषध विभागाने डोस गोळीशी जुळवून घ्यायला सांगितल्यावर डॉक्टरांनी १६० हा आकडा भरला. एकक मात्र तसेच राहिले. प्रणालीने १६० ला वजनाने गुणले आणि आदेश तयार झाला साडेअडतीस गोळ्यांचा. इशारे आले, पण ते रोजच्याच शेकडो इशाऱ्यांसारखे दिसत असल्याने डॉक्टर आणि औषधतज्ज्ञ या दोघांनीही ते बंद केले. यंत्राने गोळ्या मोजून भरल्या. नर्सला शंका आली, पण बारकोड स्कॅन केल्यावर पडद्याने संख्या बरोबर असल्याचे सांगितले. मुलाने सर्व गोळ्या घेतल्या, त्याला आकडी (फिट) आली. सुदैवाने तो वाचला.

या साखळीत निष्काळजी असे कोणीच नव्हते, आणि म्हणूनच ती प्रत्येक संस्थेला लागू पडते. तिच्यातून निघणारी कामे अशी. आकडा आणि एकक एकाच चौकटीत, एकाच आकाराच्या अक्षरांत दिसावेत आणि आकडा बदलला की एकक पुन्हा निवडायला लावावे. आदेश पक्का करण्यापूर्वी तो साध्या वाक्यात समोर यावा: 'एका वेळी ३८.५ गोळ्या'. असे वाक्य वाचून थबकणार नाही असा डॉक्टर विरळा. नेहमीच्या कमाल मात्रेच्या कित्येक पट डोस असेल तर नुसता इशारा न देता प्रणालीने अडवावे, आणि पुढे जाण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीची संमती लागावी. शिवाय बारकोडकडून काय अपेक्षित आहे ते सर्वांना समजावून सांगावे: हातातले औषध आदेशाशी जुळते की नाही एवढेच तो सांगतो, आदेश बरोबर आहे की नाही हे नाही.

वजन नेहमी किलोतच नोंदवावे, सोबत तारीख असावी, आणि लहान मुलांचे जुने वजन डोससाठी वापरू देऊ नये. औषधे मूळ रासायनिक नावाने लिहावीत. व्यापारी नाव कंसात चालेल. सारखी दिसणारी नावे यादीत एकाखाली एक येत असतील, तर त्यांतील वेगळा भाग ठळक करावा. दाखल होताना, वॉर्ड बदलताना आणि घरी जाताना, असे तीनदा चालू औषधांची यादी रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी बोलून ताडून पाहावी. औषध बंद केले तर का बंद केले हेही लिहावे, नाहीतर पुढचा डॉक्टर ते सद्हेतूने पुन्हा सुरू करतो.

सहावी पायरी: इशारे कमी ठेवावेत

प्रत्येक शक्य धोक्यासाठी इशारा ठेवणे सुरक्षित वाटते, पण परिणाम उलटा होतो. औषधविषयक इशारे डॉक्टर किती वेळा बाजूला सारतात, याविषयीच्या अनेक अभ्यासांच्या २००६ मधील एकत्रित आढाव्यात हे प्रमाण ४९ ते ९६ टक्के आढळले. सुरुवातीला केवळ जीवघेण्या गोष्टींचे इशारे चालू करावेत: नोंदवलेली गंभीर ॲलर्जी, कमालीचा जास्त डोस, गरोदरपणात पूर्ण वर्ज्य औषधे आणि एकत्र मुळीच न द्यायच्या जोड्या. प्रत्येक इशाऱ्यासोबत काय करावे हेही यावे. महिन्यातून एकदा कोणता इशारा किती वेळा बाजूला सारला गेला ते पाहावे आणि ज्याला जवळजवळ कोणीच जुमानत नाही तो सुधारावा किंवा बंद करावा.

सातवी पायरी: रिपोर्ट कोणी पाहिला, हे ठरवावे

रिपोर्ट संगणकात आला म्हणजे तो कोणीतरी पाहिला, असा गैरसमज फार महागात पडतो. तपासणी सांगणारी व्यक्ती हीच तिच्या रिपोर्टची जबाबदार, आणि ती रजेवर असेल तेव्हा कोण, हे नावानिशी ठरलेले असावे. रिपोर्ट 'पाहिला', 'कृती केली' आणि 'रुग्णाला कळवले' या तीन वेगळ्या खुणा असाव्यात. धोक्याच्या पातळीवरचे आकडे लॅबने फोनवरूनच कळवावेत आणि कोणाला, किती वाजता कळवले याची नोंद करावी. रुग्ण घरी गेल्यानंतर येणारे रिपोर्ट, विशेषतः बायोप्सी आणि कल्चर, हमखास निसटतात. म्हणून डिस्चार्ज समरीतच 'येणे बाकी असलेले रिपोर्ट' असा रकाना ठेवावा.

बाहेरच्या लॅबचे आकडे भरताना एककाशिवाय आकडा घेऊच नये. उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ७ मिलिमोल प्रति लिटर या दोन्ही नोंदी एकच गोष्ट सांगतात, पण एकक गळले तर आलेखावर साखर एका रात्रीत कोसळलेली दिसते.

आठवी पायरी: कोणाला काय दिसावे आणि कोणी काय पाहिले

प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन द्यावे आणि अधिकार कामानुसार द्यावेत. रिसेप्शनला नाव, वेळ आणि बिल दिसले तरी पुरे. मानसोपचाराची नोंद दिसण्याचे कारण नाही. आणीबाणीत मात्र दार उघडायला हवे: डॉक्टरने कारण लिहून बंद फाइल उघडावी आणि त्या उघडण्याची नंतर चौकशी व्हावी. कोणी, केव्हा, कोणती फाइल पाहिली किंवा बदलली याचा माग प्रणालीत कायम राहावा, आणि तो अधूनमधून खरोखर तपासला जातो हे कर्मचाऱ्यांना माहीत असावे. सहकाऱ्याची किंवा एखाद्या प्रसिद्ध रुग्णाची फाइल कुतूहलाने उघडण्यावर दुसरा उपाय नाही.

एकच पासवर्ड सगळ्या वॉर्डने वापरणे ही सर्वत्र आढळणारी खोड आहे. तिच्यासाठी केवळ दटावून भागत नाही, कारण लॉगिनला मिनिटभर लागत असेल तर माणसे वाट काढणारच. कार्ड टेकवून किंवा बोट लावून चार सेकंदांत आत जाता आले की खोड आपोआप सुटते.

चुकलेली नोंद पुसू नये. मूळ मजकूर रेघ मारलेल्या स्वरूपात राहावा, दुरुस्ती करणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण शेजारी यावे. उशिरा केलेली नोंद उशिरा केल्याचे स्पष्ट दिसावे. वेळ मागे नेऊन केलेली नोंद न्यायालयात संस्थेच्याच गळ्याशी येते.

नववी पायरी: जुने कागद आणि सुरुवातीचे आठवडे

सगळे जुने केसपेपर स्कॅन करण्याचा मोह टाळावा. हजारो पाने चित्ररूपात साठतात, शोधता येत नाहीत आणि कोणी उघडतही नाही. त्याऐवजी रुग्ण पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्या समस्या, औषधे, ॲलर्जी, लसी आणि मोठ्या शस्त्रक्रिया तेवढ्या भराव्यात, अत्यावश्यक दोन-चार कागद स्कॅन करावेत आणि बाकीचे केसपेपर कायद्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत जपावेत.

सुरुवात एका विभागातून करावी, शक्यतो जिथे गर्दी बेताची आणि प्रमुख उत्साही आहे तिथून. प्रशिक्षण सुरुवातीच्या दिवसाच्या फार आधी देऊ नये, ते विसरले जाते. प्रत्येक पाळीत एक जाणकार सहकारी मदतीला मोकळा असावा आणि पहिले काही दिवस अपॉइंटमेंट कमी घ्याव्यात. कागद आणि संगणक दोन्ही एकाच वेळी चालवायचे असतील, तर त्याची शेवटची तारीख आधीच जाहीर करावी, कारण दुहेरी काम लांबले की दोन्ही नोंदी अर्धवट राहतात.

दहावी पायरी: पडदा आणि रुग्ण

अमेरिकेतील २०१६ मधील एका निरीक्षणात डॉक्टरांचा रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात असल्याचे दिसले. हा भार सर्वस्वी टाळता येत नाही, पण वाटता येतो: वजन, रक्तदाब आणि चालू औषधे नर्सने आधी भरावीत. संगणक असा ठेवावा की डॉक्टर, रुग्ण आणि पडदा यांचा त्रिकोण होईल आणि पाठ कोणाकडेच वळणार नाही. पहिले मिनिट कीबोर्डला हात न लावता ऐकावे, नंतर काय लिहीत आहोत ते बोलत बोलत लिहावे. रुग्ण तिथल्या तिथे चूक सुधारतो. अवघड बातमी देताना मात्र पडदा बाजूला करावा.

अकरावी पायरी: प्रणाली बंद पडेल तेव्हा

ती पडणारच आहे. प्रश्न फक्त कधी आणि किती वेळ एवढाच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टांचे, म्हणजे रुग्णालये आणि आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थांचे, काम विस्कळीत केले. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, ती बसवली गेली नव्हती.

प्रत्येक वॉर्डात छापील फॉर्मचा संच, पेन आणि रुग्णांच्या रिकाम्या चिकटपट्ट्या असलेली पेटी असावी. दाखल रुग्णांची औषधे, ॲलर्जी आणि ताजे रिपोर्ट यांची फक्त वाचता येणारी प्रत, ठरावीक तासांनी ताजी होणारी, नेटवर्कबाहेरच्या एका संगणकावर राहावी. कागदी कामकाज सुरू झाल्याचे जाहीर कोण करणार आणि नंतर कागदावरचे संगणकात कोण भरणार, हे आधी ठरवावे. आधी औषधे आणि ॲलर्जी भराव्यात, लांबलचक नोंदी स्कॅन करून जोडल्या तरी चालते.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक संस्थेबाहेर, हा जुना नियम पाळावा. त्यात आज एवढीच भर घालावी की एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तुटलेली असावी. बॅकअप घेतला जातो एवढ्यावर समाधान मानू नये. दर तिमाहीत तो वेगळ्या संगणकावर उतरवून एखाद्या रुग्णाची फाइल संपूर्ण उघडते का ते पाहावे.

बारावी पायरी: माहिती संस्थेबाहेर जाताना

रुग्णाला दुसरीकडे पाठवताना सगळी फाइल धाडण्याची पद्धत टाळावी. पानभर सारांश, चालू औषधे, ॲलर्जी, शेवटचे महत्त्वाचे रिपोर्ट आणि पाठवण्यामागचा प्रश्न एवढे असले की समोरचा डॉक्टर दुवा देतो. संमती कशासाठी, कोणाला आणि किती काळासाठी, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत विचारावे आणि नकार दिला तर उपचार थांबणार नाहीत हेही सांगावे. संशोधनासाठी माहिती देताना केवळ नाव काढून भागत नाही. जन्मतारीख, गावाचे नाव आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की माणूस ओळखू येतो.

रुग्णाला स्वतःची नोंद वाचू द्यावी की नाही यावर डॉक्टरांत मतभेद असतात. अमेरिकेत ओपननोट्स या उपक्रमात २०१० पासून रुग्णांना डॉक्टरांच्या नोंदी वाचायला दिल्या गेल्या, आणि डॉक्टरांना वाटत होते तसा कामाचा भार फारसा वाढला नाही. माझ्या मते नोंदी खुल्या कराव्यात, पण त्याआधी भाषा तपासावी. 'रुग्ण ऐकत नाही' याऐवजी 'खर्च परवडत नसल्याने औषध दोन आठवडे घेतले नाही' असे लिहिले, तर रुग्णाचा मान राहतो आणि पुढच्या डॉक्टरला खरे कारण कळते. गंभीर निदानाचा रिपोर्ट डॉक्टरांशी बोलणे होण्याआधी रुग्णाच्या मोबाइलवर पोचू शकतो, म्हणून तपासणी सांगतानाच 'रिपोर्ट आधी दिसेल, तेव्हा काय करायचे' हे बोलून घ्यावे.

या सर्व पायऱ्या झाल्यावर एक छोटा गट कायम ठेवावा: एक डॉक्टर, एक नर्स, नोंदणीवरील एक व्यक्ती आणि प्रणाली सांभाळणारा एक जण. दर महिन्याला त्यांनी यादृच्छिक वीस फाइली उघडून चार गोष्टी पाहाव्यात: ॲलर्जीची चौकट भरलेली आहे का, औषधांची यादी आजची आहे का, सात दिवसांहून जुना न पाहिलेला रिपोर्ट आहे का, आणि त्या रुग्णाची दुसरी फाइल कुठे आहे का. जे सापडेल ते संबंधित विभागाला त्याच आठवड्यात कळवावे, आणि कोणाचे चुकले यापेक्षा पडद्यावर काय बदलल्यास ते पुन्हा होणार नाही, याचा निर्णय त्याच बैठकीत घ्यावा.